फुगेपारखी

वॉलपेपर लावणारा कारागीर शिडी घेऊन जिन्यापर्यंत पोचतो न पोचतो, तोच हे काका दारात हजर होतात. प्रत्येक सोसायटीत एक तरी असतातच. "लावला वाटतं?" म्हणत चपला काढतात आणि भिंतीसमोर उभं न राहता थेट भिंतीला गाल टेकवतात. खरा फुगेपारखी समोरून बघतच नाही. मोबाइलचा टॉर्च भिंतीलगत आडवा धरला की मघापर्यंत सपाट वाटणारी टीव्हीची भिंत एकदम डोंगराळ होते. "हा एक. हा बघा दुसरा. आणि स्विचबोर्डाच्या वर तर वसाहतच आहे!" चहा टाकायला गेलेल्या वहिनी परत येतात, तेव्हा त्यांना भिंतीवरची वेलबुट्टी दिसेनाशी झालेली असते. नुसते फुगे दिसतात.

फुगे का येतात, हे काकांना तोंडपाठ आहे, आणि ते सांगतात ते खरंही असतं. साधा कागदी पेपर खळ लागली की भिजून रुंदावतो. म्हणून खळीची बाजू आत येईल अशी घडी घालून तो काही मिनिटं मुरू द्यायचा. घाईने तसाच चिकटवला तर तो भिंतीवर गेल्यावर पसरतो, आणि पसरायला जागा नसली की वर उचलतो. पुट्टीवर प्रायमर मारला नसेल तर कोरडी भिंत खळीतलं पाणी पिऊन टाकते. नॉन-वोवन पेपर भिजून वाढत नाही, म्हणून त्याची खळ थेट भिंतीलाच लावतात. आणि भिंतीतच ओल असेल तर पेपर कितीही भारी असो, फुगे पुन्हा येणारच. एवढं सांगून झालं की सत्तावन्न चौरस फुटांच्या रोलमधला किती पेपर डिझाइन जुळवण्यात वाया गेला, याचा हिशेब सुरू होतो. त्याचं उत्तर यजमानाकडे नसतं, हे काकांना ठाऊक असतं.

आणखीही एक गोष्ट त्यांना ठाऊक असते. खळ वाळताना कागद आकसतो आणि बरेचसे फुगे आपोआप बसतात. दिवस-दोन दिवस फक्त हात लावायचा नाही. नेमकं हेच त्यांना जमत नाही. बोलता बोलता अंगठा भिंतीकडे सरकतो. ओला पेपर ताणला जातो, जोडातून खळ बाहेर येते आणि फुगा नाहीसा होण्याऐवजी शेजारी राहायला जातो. काका त्याच्या मागोमाग जातात. शेवटी घाम पुसत "पंखा पाचवर ठेवा" असा सल्ला देऊन निघतात. या एका सल्ल्याने जितके जोड सुटले असतील, तितके वाईट कारागिरानेही सुटत नाहीत.

पण पेपर खडखडीत वाळल्यावरही जो फुगा बसत नाही, तिथे या माणसाला तोड नाही. मेडिकलमधून आणलेली सिरिंज, पाणी घालून पातळ केलेलं फेव्हिकॉल, ओला स्पंज आणि जुन्या बनियनच्या चिंधीत गुंडाळलेलं एटीएम कार्ड, एवढीच त्यांची हत्यारं. पोरांना गप्प बसवलं जातं. सुई बरोबर वेलीच्या देठावर टोचली जाते, म्हणजे भोक डिझाइनमध्ये लपतं. आधी हवा बाहेर काढायची, मग दोन-तीन थेंब आत सोडायचे, कार्ड अलगद भोकाच्या दिशेने ओढायचं आणि बाहेर आलेलं फेव्हिकॉल लगेच टिपून घ्यायचं. फुगा कुठे होता, हे नंतर घरमालकालाही सांगता येत नाही.

काकांच्या स्वतःच्या घरी मात्र ऑइल पेंट आहे. वॉलपेपरला काकूंनी कधीच परवानगी दिलेली नाही. त्या त्यांना पुरेपूर ओळखतात.

तेव्हा नवा पेपर लावणार असाल तर पंखा बंद ठेवा आणि दोन दिवस बेल वाजली तरी काकांना आत घेऊ नका. तिसऱ्या दिवशी जे फुगे उरतील, त्यांच्यासाठी मात्र काकांनाच बोलवा. पूर्ण पैसे घेऊन गेलेला कारागीर त्या कामासाठी परत येत नसतो.