तबकड्या तयार, प्लेअर ठरायचाय

मैंदर्गीसारख्या गावात असे एक अण्णा असतातच. कपाटात वडिलांनी जमवलेल्या तबकड्या: बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, धारवाडकडचे मल्लिकार्जुन मन्सूर. त्या वाजवायला मात्र घरात काही नाही. प्लेअर ‘ठरायचाय’.

अण्णांपुढे हा विषय काढू नये. चहा येईपर्यंत बेल्ट ड्राइव्ह, चहा संपेपर्यंत डायरेक्ट ड्राइव्ह. 1972 साली आलेल्या टेक्निक्स एसएल-1200 या प्लेअरला त्यांनी आजवर हात लावलेला नाही, पण त्याची मोटर थेट चकतीखाली असते हे असं सांगतात, जणू ती त्यांनीच बसवली होती. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबई गाठून ते चोरबाजारही पालथा घालून आले. आणलं काय? आणखी तीन तबकड्या.

“अहो, एखादा घ्या तरी,” काकू म्हणतात.

“आणि चुकीचा निघाला म्हणजे?”

तसा हा घोळ अगदीच पोकळ नाही. 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाखेच्या, त्यांची खाच रुंद. तिला साधारण 3 मिलचा (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) काटा लागतो. 1948 साली आलेल्या एलपीची खाच बारीक, तिला 0.7 मिलचा पुरतो. बारीक काटा लाखेच्या खाचेत तळाशी लोळत खरखरतो आणि जाड काटा एलपीची वाट लावतो. त्यातून बरेच नवे प्लेअर 33 आणि 45 वरच थांबतात. म्हणजे बालगंधर्व बाहेरच!

शिवाय काट्याचा भार. तो बहुधा दोन ग्रॅमच्या आसपास हवा, हे वाचून अण्णा कुणाचा तरी जुना प्लेअर काखेत मारून सराफाकडे गेले. सराफानं काटा तराजूवर टेकवून वजन सांगितलं, मग चष्म्यावरून पाहिलं. “अण्णा, यात सोनं कुठंय?”

शेवटी भाचा पावला. त्यानं अमेरिकेतून जुना, पण देखणा प्लेअर आणला. 110 व्होल्टचा म्हणून अण्णांनी ट्रान्सफॉर्मर जोडला, स्टँड सपाट आहे ना हे गवंड्याच्या पाणसळीनं तपासलं आणि भीमसेनांची एलपी लावली. आवाज खोल, संथ, जडावलेला.

“पंडितजींना बरं नव्हतं का हो त्या दिवशी?” काकू.

पंडितजी ठणठणीत होते. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. तिकडची वीज 60 हर्ट्झची, आपली 50 ची. अशा जुन्या प्लेअरची सिंक्रोनस मोटर हर्ट्झच्याच तालावर फिरते, त्यामुळे 33⅓ फेऱ्यांच्या झाल्या जेमतेम 28. काळी एकचा गायक घसरून थेट खालच्या काळी पाचात!

मोटरवरची कप्पी बदलली की काम भागतं. आता कोणती कप्पी घ्यावी, यावर अण्णांचा अभ्यास सुरू आहे. तुमचा भाचा असा जुना प्लेअर आणणार असेल, तर पेटीत भरण्याआधी मागच्या पाटीवर 50 हर्ट्झ लिहिलंय का, एवढं त्याला वाचायला सांगा.