पन्नास पैशांचा न्याय

आमच्या सोसायटीचे खजिनदारकाका निवृत्त बँकवाले. पाण्याचं बिल मीटरप्रमाणे वाटलं की आकडे अर्धवट येतात, त्यावर काका म्हणाले, ‘‘सगळं पूर्ण रुपयांत आणून दे रे. तुमच्या कॉम्प्युटरला काय, एका ओळीचं काम.’’

काम खरंच एका ओळीचं. ८१२.५, ८१३.५, ८१४.५ असे आकडे ॲरेमध्ये भरले आणि पायथॉन भाषेतल्या नमपाय या आकडेमोडीच्या साधनाला ‘राउंड’ करायला सांगितलं. उत्तर आलं : ८१२., ८१४., ८१४.

काकांचा चष्मा कपाळावर गेला. ‘‘पहिल्याला पन्नास पैसे माफ? आणि पुढच्या दोघांना सारखंच बिल? आणि ही मागे लोंबणारी टिंबं कसली?’’

टिंबांचं सोपं होतं. राउंड केलं तरी नमपाय आकडा दशांशाच्याच जातीचा ठेवतं. त्याला पूर्णांकात बदललं की टिंब जातं. माफीचं समजावणं अवघड. बरोबर मध्यावर अडकलेला आकडा नमपाय, आणि खुद्द पायथॉन ३ सुद्धा, जवळच्या सम संख्येकडे ढकलतात. (पायथॉन २ आपल्याच शाळेतला होता, अडीचचे तीन करायचा.) दरवेळी वरच ढकललं तर हजारो आकड्यांची बेरीज फुगते, म्हणून निम्मे वर, निम्मे खाली. कॉम्प्युटरवरच्या दशांश आकडेमोडीच्या १९८५ च्या आयईईई ७५४ मानकानेही मुळात हीच रीत धरली आहे. तिला बँकर्स राउंडिंग म्हणतात.

‘‘कुठल्या बँकेत?’’ काका.

मग मी त्यांना व्हँकुव्हर शेअर बाजाराची कथा ऐकवली. १९८२ साली १००० वर सुरू केलेला निर्देशांक तिसऱ्या दशांशापुढचं नुसतं कापत कापत १९८३ च्या नोव्हेंबरात ५२४ वर आला होता. नीट हिशोब केला तर निघाला १०९८.

‘‘म्हणजे खाली जाण्यात नुकसान आहे, हेच ना? मग वरच जा.’’ बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाशी वाद घालू नये.

शेवटी प्रत्येक आकड्यात अर्धा मिळवून ‘फ्लोअर’ लावला, म्हणजे खालच्या पूर्णांकावर आणला : ८१३, ८१४, ८१५. एका फ्लॅटने आगाऊ भरलेले, त्याचे उणे साडेबारा होते. त्याचे मात्र उणे बारा झाले. पन्नास पैसे सोसायटीच्या खात्यात! हे काकांनी माझ्याआधी हेरलं आणि मुकाट्याने सही केली.

तुमच्या सोसायटीची बिलं कोणी कॉम्प्युटरवर करत असेल, तर छापण्याआधी त्याला अडीच राउंड करायला सांगा. उत्तर दोन आलं, तर खजिनदारांना आधी खुर्चीत बसवा, मग कळवा.