विषय : सामने बंद करण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
प्रीमियर लीग, लंडन.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय विनंती करण्यात येते की, आपल्या लीगमध्ये दर हंगामात खेळवले जाणारे 380 सामने तातडीने बंद करावेत आणि ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत, वर्षाचे बाराही महिने उघडी ठेवावी. अर्जदार पुण्यात राहतो. इंग्लंडशी त्याचा संबंध वर्गणी भरून जागरणं करण्यापुरता. पण प्रक्षेपण हक्कांतून आपल्याला मिळणाऱ्या पैशात परदेशांचा वाटा आता घरच्या वाट्याच्या बरोबरीला आला आहे. तेव्हा परदेशातल्या वर्गणीदाराने दोन शब्द सुनावले, तर आपण ते ऐकून घ्याल अशी आशा आहे.

मागणी चमत्कारिक वाटेल, पण ती लोकभावनेला धरून आहे. मे महिन्यात हंगाम संपतो तेव्हा आपला चाहता मरगळलेला असतो. जूनमध्ये विंडो उघडली की त्याच्या अंगात येतं. लिस्बनहून सुटलेलं खासगी विमान कुठे उतरतंय, याचा तो पहाटेपर्यंत माग काढतो. मेडिकल झालं का, एजंट कुठल्या हॉटेलात उतरलाय, रिलीज क्लॉजची मुदत कधी संपते, हे सगळं त्याला तोंडपाठ असतं. फाब्रित्सिओ रोमानो या इटालियन पत्रकाराने ‘हिअर वी गो’ एवढं म्हटलं, की गोल झाल्यासारखी आरोळी उठते. उलट या आरोळीत धोका कमी. मैदानावरचा गोल व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पंच, रद्द करू शकतो. रोमानोंचं वाक्य सहसा रद्द होत नाही.

शिवाय बाजार चाहत्याला कधी उपाशी ठेवत नाही. आर्सेनलवाल्यांनी वर्षानुवर्षं एकच धोशा लावला होता, स्ट्रायकर घ्या. 2025 च्या उन्हाळ्यात व्हिक्टर ग्योकेरेस आला आणि हंगाम सुरू होतो न होतो तोच तो स्ट्रायकर पुरेसा आहे का, यावर वाद सुरू झाला. मँचेस्टर युनायटेडवाल्यांना मिडफिल्डर हवा असतो. मागच्या विंडोत घेतला असला तरी हवा असतो. क्लबचे अध्यक्ष डॅनियल लेव्ही यांनी खिसा सैल करावा म्हणून टोटेनहॅमवाल्यांनी दोन दशकं घसा कोरडा केला. 2025 च्या सप्टेंबरात लेव्ही एकदाचे पायउतार झाले, तेही विंडो बंद झाल्यावर तीन दिवसांनी. एवढं नाट्य आपल्याला 90 मिनिटांत बसवता येईल का?

बाजारामुळे चाहता शिकला, हे तर मान्यच करावं लागेल. एके काळी त्याला ऑफसाइडचा नियम समजावून सांगावा लागे. आता तो भेटेल त्याला अमॉर्टायझेशन समजावून सांगतो. खेळाडू आठ कोटी पौंडांना घेतला आणि करार आठ वर्षांचा केला, तर वहीत वर्षाला एकच कोटी खर्च दिसतो. 2022 मध्ये टॉड बोली आणि क्लिअरलेक कॅपिटल यांनी चेल्सी विकत घेतलं आणि ही युक्ती इतक्या हौसेने वापरली, की मिखाइलो मुद्रिक आणि एन्झो फर्नांडेझ या दोघांना थेट साडेआठ वर्षांचे करार मिळाले. अखेर आधी युएफाने आणि मग आपण हा हिशेब पाच वर्षांवर आणून ठेवला. खेळाडू कुठल्या पायाने खेळतो हे ठाऊक नसलं तरी चालतं. त्याचं पुस्तकी मूल्य ठाऊक असावं लागतं.

आमच्याकडच्या बैलबाजारात दलाल उपरण्याखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवत. भोवतीच्या गर्दीला आकडा कळत नसे. आपल्याकडे ‘रक्कम जाहीर केलेली नाही’ असं क्लब छापतो आणि तासाभरात अख्ख्या जगाला हप्त्यांसह आकडा कळलेला असतो. उपरणं तेवढं राहिलं आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या भरभराटीच्या धंद्यात एकच अडथळा आहे, तो म्हणजे सामने. ते बाजारात ठरलेल्या किमतींचा सर्रास अवमान करतात. पुरावे खालीलप्रमाणे.

2022-23 च्या हंगामात चेल्सीने दोन विंडोंत मिळून 50 कोटी पौंडांहून अधिक रक्कम खर्च केली. बाजाराच्या न्यायाने त्याच दिवशी त्यांच्या हाती चषक द्यायला हवा होता. सामने खेळवले गेले आणि चेल्सी बाराव्या क्रमांकावर आलं.

2024 च्या उन्हाळ्यात लिव्हरपूलने पुढच्या हंगामासाठी एक गोलरक्षक ठरवून ठेवला आणि त्याच हंगामासाठी एकटा फेडेरिको किएझा घेतला, सुमारे एक कोटी पौंडांना. चाहत्यांनी मालकांच्या नावाने बोटं मोडली. बाजाराचा निकाल स्पष्ट होता : नापास. सामन्यांनी तो फिरवला. 2025 च्या एप्रिलमध्ये चार सामने बाकी असतानाच लिव्हरपूलने विजेतेपद पक्कं केलं. किएझा लीगमध्ये जेमतेम सहा सामन्यांत मैदानावर उतरला होता.

मग लिव्हरपूलने चाहत्यांचं ऐकलं. 2025 च्या उन्हाळ्यात 40 कोटी पौंडांहून अधिक रक्कम मोजली. फ्लोरियान व्हिर्ट्झ आला, ह्यूगो एकिटिके आला आणि शेवटच्या दिवशी साडेबारा कोटी पौंडांना, म्हणजे ब्रिटिश विक्रमी किमतीला, न्यूकॅसलहून अलेक्झांडर इसाक आला. चाहत्यांच्या मते हंगाम तिथेच संपला होता. पण सप्टेंबर-ऑक्टोबरात क्रिस्टल पॅलेस, चेल्सी, मँचेस्टर युनायटेड आणि ब्रेंटफर्ड यांनी लीगमध्ये त्यांना ओळीने चार वेळा हरवलं. याला काय म्हणावं?

सर्वांत गंभीर प्रकार 25 ऑगस्ट 2025 चा. इसाकने न्यूकॅसलसाठी खेळायचं थांबवलं होतं. लिव्हरपूलला तो हवा होता आणि नेमका त्याच दोन क्लबांचा सामना सेंट जेम्सेस पार्कवर लागला. जगभर चर्चा होती ती मैदानावर नसलेल्या माणसाची. बाजाराची परिपक्वता म्हणतात ती हीच. न्यूकॅसलचा एक खेळाडू बाहेर गेला, ते दोन गोलांनी मागे पडले आणि दहा जणांनिशी त्यांनी बरोबरी साधली. मग शंभराव्या मिनिटाला लिव्हरपूलच्या रिओ नगुमोहाने विजयी गोल केला. वय 16 वर्षं. महिनाभर चाललेल्या त्या सगळ्या गदारोळात या पोराचं नावही कुणी घेतलं नव्हतं. बाजारात पत टिकवायची असेल, तर असले प्रकार खपवून घेता कामा नयेत.

2016 मध्ये विजेत्या ठरलेल्या लेस्टरबद्दल बोलायलाच नको. 5000 ला 1 असा भाव असलेला संघ, त्यात फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीतून किरकोळ किमतीत आणलेला रियाद माहरेझ आणि काही वर्षांपूर्वी कारखान्यात काम करत अर्धव्यावसायिक फुटबॉल खेळणारा जेमी व्हार्डी. सामने नसते तर ही नामुष्की टळली असती.

तेव्हा अर्जदाराची योजना साधी आहे. चषक निव्वळ खर्चावर द्यावा. आपण या वाटेने निम्मं अंतर चालून आलाच आहात. 2023-24 मध्ये गुणतक्ता मैदानावर कमी आणि वहीत जास्त हलला. तीन वर्षांत साडेदहा कोटी पौंडांपेक्षा अधिक तोटा चालणार नाही, या नियमावरून एव्हर्टनचे दहा गुण कापले, अपिलात ते सहा झाले आणि पुढे आणखी दोन गेले. नॉटिंगहॅम फॉरेस्टचे चार गेले. फॉरेस्टची कैफियत वाचण्यासारखी आहे : आपल्याच ॲकॅडमीतला ब्रेनन जॉन्सन 30 जूनच्या आत विकला असता तर हिशेब जुळला असता, त्यांनी थांबून सप्टेंबरात तो अधिक पैशांना विकला आणि शिक्षा भोगली. चढ्या भावाला माल विकल्याचा दंड! इतका रोमहर्षक निकाल मैदानावर लागलेला कुणी पाहिला आहे?

याच नियमाने आणखी एक लोकोपयोगी काम केलं. विकत आणलेला खेळाडू विकला तर त्याची उरलेली किंमत वजा होते. ॲकॅडमीत वाढलेला पोरगा विकला तर सगळी रक्कम नफा. म्हणजे गावातला, क्लबच्याच अंगणात वाढलेला मुलगा हा विकायला सर्वांत सोयीचा. एलियट अँडरसन आठ वर्षांचा असल्यापासून न्यूकॅसलचा. 2024 च्या जूनअखेरीस हिशेबाची मुदत आली आणि न्यूकॅसलने त्याला सुमारे साडेतीन कोटी पौंडांना फॉरेस्टला दिला. त्याच सुमारास फॉरेस्टचा गोलरक्षक ओडिसियस व्लाखोडिमॉस न्यूकॅसलने घेतला आणि पहिल्या हंगामात त्याला एकदा, तेही अर्धाच सामना खेळवलं. अँडरसन पुढे इंग्लंडच्या संघात गेला. न्यूकॅसलच्या चाहत्याने याचा आनंद मानायला हवा, कारण ताळेबंद जुळला. चेल्सीने तर खेळाडूंवर न थांबता स्टेडियमजवळची दोन हॉटेलं आणि स्वतःचा महिला संघ आपल्याच समूहातल्या कंपन्यांना विकून दाखवला. मैदानावर याला सेल्फ पास म्हणतात. हिशेबात नफा म्हणतात.

योजनेला विरोध होईल तो एकाच गटाकडून, याची अर्जदाराला कल्पना आहे. प्रत्यक्ष स्टेडियममध्ये जाणारी माणसं. ती अजूनही सामना पाहायला जातात. पावसात उभं राहून परगावच्या संघाला शिव्या देतात, गाणी म्हणतात आणि दहा वर्षं क्लबकडे असलेल्या राइट बॅकवर पोटच्या पोरासारखी माया करतात. त्यांना हळूहळू वळणावर आणण्याचे क्लबांचे प्रयत्न स्तुत्य आहेत. मँचेस्टर युनायटेडने 2024-25 चा हंगाम अर्ध्यावर असताना उरलेली तिकिटं सरसकट 66 पौंडांना केली, लहान मुलांची आणि म्हाताऱ्यांची सवलतही काढली. आपणही हातभार लावताच. शनिवारी दुपारी तीनचा सामना इंग्लंडात दूरचित्रवाणीवर दाखवायचा नाही, हा 1960 च्या दशकापासूनचा दंडक. तो लोकांनी मैदानावर यावं म्हणून आणला होता. आज परिणाम असा, की तिकीट न परवडणाऱ्या मँचेस्टरशेजारच्या सॅल्फर्डच्या माणसाला जो सामना घरी दिसत नाही, तो मला पुण्यात पोहे खात दिसतो. हा माणूस अजून ओरडतोय, निदर्शनं करतोय. सामने बंद झाले की तोही गप्प बसेल.

आता आपण विचाराल, लीग आहे, क्लब आहेत, करार आहेत आणि सामने नाहीत, असं कुठे चालतं का? चालतं. आम्ही चालवून दाखवलं आहे. 2025 च्या जुलैत इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगाम स्थगित झाला. व्यावसायिक हक्कांच्या कराराचं नूतनीकरण रखडलं होतं. हंगाम एरवी सप्टेंबरात सुरू होतो. सप्टेंबर गेला, दिवाळी गेली, वर्ष गेलं. मुंबई सिटीकडे खेळाडू होते, एफसी गोवाकडे खेळाडू होते, जर्सी होत्या. लीगचा सामना नव्हता. 2026 च्या जानेवारीत सुनील छेत्री, गुरप्रीतसिंग संधू, संदेश झिंगन यांच्यासारख्या खेळाडूंनी थेट फिफाला साकडं घातलं. मग 14 फेब्रुवारीपासून एकेरी फेरीची लीग जाहीर झाली. एवढ्या महिन्यांत मडगावच्या किंवा अंधेरीच्या चाहत्याने विंगर मागितला नाही, निव्वळ खर्च विचारला नाही. तो एकच विचारत होता, पहिला सामना कधी?

हे उदाहरण अर्जाच्या बाजूचं आहे की विरुद्ध, याचा निवाडा आपणच करावा.

मुख्य मागणी मान्य करणं आपल्याला जड जाणार असेल, तर अर्जदाराची एक पर्यायी मागणी आहे आणि ती मात्र गांभीर्याने घ्यावी. विंडो हंगामातल्या पहिल्या सामन्याच्या आधी बंद करा. हे नवं नाही. 2018 आणि 2019 मध्ये आपल्या क्लबांनी मतदान करून नेमकं हेच केलं होतं. युरोपातल्या बाकीच्या लीगांची दारं उघडी राहिली, आपले खेळाडू तिकडे जाऊ शकत होते आणि बदली माणूस आणता येत नव्हता, म्हणून 2020 मध्ये क्लबांनी माघार घेतली. 2025 मध्ये हंगाम 15 ऑगस्टला सुरू झाला, विंडो 1 सप्टेंबरला बंद झाली आणि मधल्या तीन फेऱ्या इसाक कुणाकडूनच खेळला नाही. एका उन्हाळ्यात आपल्या क्लबांनी 300 कोटी पौंडांहून अधिक खर्च केला. खरेदीदार तुम्ही आहात. स्पेन, इटली, जर्मनी आणि फ्रान्सला एका टेबलाशी बसवून सर्वांसाठी एक तारीख ठरवणं तुमच्याइतकं दुसऱ्या कुणालाच सोपं नाही. ती तारीख ठरवा. बाजार जून-जुलैत खुशाल भरू द्या, आम्ही जागरणं करू. पण ऑगस्टमध्ये पहिली शिट्टी वाजेल, तेव्हा मैदानावर कोण आहे याचीच चर्चा व्हावी, एवढी व्यवस्था व्हावी, ही विनंती.

कळावे,

आपला नम्र,
एक वर्गणीदार, पुणे.