दोनशे मायक्रॉनचे आप्पा

पाटणच्या खोऱ्यातून शिराळ्याकडं निघालात की कुठल्या तरी वळणावर एक पॉलिहाऊस दिसतं. त्याच्या दारात बॅटरी, गोफण आणि चिकटपट्टीचा रोल घेऊन एक गृहस्थ बसलेले असतात. गाव बदलतं, आप्पा तेच. दहा गुंठ्यांत रंगीत ढोबळी मिरची लावलेली असते, पण तुम्ही मिरचीचा भाव विचारलात तर ते हिरमुसतात. "काल रात्री कोण आलं होतं?" एवढंच विचारायचं. मग चहा येतो.

पॉलिहाऊसचा कागद दोनशे मायक्रॉनचा, म्हणजे एका मिलिमीटरचा पाचवा हिस्सा. नर गवा भरतो हजार किलोपर्यंत. या दोन आकड्यांच्या मध्ये आप्पा उभे असतात, हातात काठी घेऊन. गव्याला 1972 च्या कायद्याचं संरक्षण आहे, हे ते प्रत्येक पाहुण्याला ऐकवतात. "आणि मला?" असं विचारून स्वतःच हसतात.

वानर आणि माकड यांत त्यांच्याकडं घोटाळा चालत नाही. "वानर छतावर उड्या मारतंय, माकड दार उघडून आत येतंय. खाती वेगळी हायती, लगा." वानरांच्या टोळीला ताणून बसवलेला कागद म्हणजे जत्रेतली घसरगुंडी. वर चढायचं, गटारीपर्यंत घसरत यायचं, पुन्हा वर. कागद फाटला की पावसाचं पाणी थेट झाडावर, जाळी फाटली की फुलकिडे आत. म्हणून आप्पा रोज पहाटे शिडीवर. प्रोफाईलमधली झिगझॅग स्प्रिंग ते डोळे मिटून बसवतात. सदऱ्याची बटणं मात्र अजून काकींनाच लावावी लागतात.

उपायांचा त्यांना नाद. कुणी सांगितलं, रानडुकराला साडीचं कुंपण. काकींच्या साड्या बांधावर गेल्या. डुकरं दोन रात्री बिचकली, तिसऱ्या रात्री खालून शिरली. काकी माहेरी गेल्या त्या महिनाभर. मग सीडी टांगायची ठरली. घरात एकच सीडी होती, थोरलीच्या लग्नाची. रुसलेल्या व्याह्यांसकट सगळं वऱ्हाड उन्हात चकाकत गरगरू लागलं. एक म्हातारं माकड तिच्यात तोंड बघून दात कोरत बसायचं.

डुकराच्या नाकात केस गेले की ते फिरकत नाही, असं म्हणतात. आप्पांनी गावातल्या सलूनवाल्याशी वर्षाचा ठराव केला, पोतं भरून केस आणले, आणि निम्मा गाव आप्पांच्या बांधावर पसरला. बांधावरून जाताना एक गृहस्थ तर टोपी काढून थांबायचे. सौरऊर्जेवरची झटका मशीन आली. पहिला झटका आप्पांना, दुसराही आप्पांनाच, तिसरा जावयाला. उंदीर ठिबकच्या नळ्या कुरतडतात म्हणून मांजर पाळली, तर ती बाजूच्या पडद्यावर नखं रोवून चढू लागली. नळ्या वाचल्या, पडद्याची चाळण झाली.

सगळ्यांत गाजली ती डरकाळी. मोबाईलमध्ये वाघ भरून आप्पांनी तो भोंग्याला जोडला. कोयना आणि चांदोली मिळून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हापासून इकडं वाघ हा शब्द कुणी हसण्यावारी नेत नाही. वानरांनी डरकाळी चार दिवस ऐकून घेतली आणि पाचव्या दिवसापासून ती त्यांची उठायची वेळ झाली. मिरची तोडायला येणाऱ्या बायका मात्र आठवडाभर फिरकल्या नाहीत.

कीर्ती सांगलीत पोचली. आप्पांचे साडू देवराष्ट्रेकडचे. जवळच सागरेश्वर अभयारण्य, माणसांनी झाडं लावून उभं केलेलं, 1985 सालचं. त्याच्या कुंपणातून निसटलेली हरणं त्यांच्या पिकात. साडूंनी डरकाळी मागवून घेतली. दुसऱ्या दिवशी फोन: "आप्पा, हरणं भोंग्याकडं बघत उभी ऱ्हातात. त्यांनी वाघ बघितलाय कवा?" आप्पा गंभीर झाले. "मग त्यांला आदी वाघ दाखवाय लागंल," म्हणाले, आणि पोस्टर कुठं छापून मिळतं याची चौकशी करू लागले.

गेल्या महिन्यात गेलो तेव्हा कागद अखंड होता. एक ठिगळ नवं नाही. मी अभिनंदन केलं, तर चहाच आला नाही. काकी हळूच म्हणाल्या, "पंधरा दिवस झालं, एक जनावर आलं न्हाई. जेवण उतरंना त्यांला." कारण उशिरा कळलं. ओढ्यापलीकडच्या पोरानं वीस गुंठ्यांचं नवं कोरं पॉलिहाऊस उभं केलं होतं आणि वानरांची टोळी तिकडं गेली होती.

"नवा कागद. जास्त घसरत असंल," मी म्हणालो.

"आमच्याकडं काय कमी हुतं रं?" आप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ते शिडी, चिकटपट्टीचा रोल आणि लग्नाची सीडी घेऊन ओढा ओलांडून गेले.