चौदा पाऊण साडेदहा

कॅम्पिंग ही काय भानगड असते, ते धाकट्या भावजींनी रात्रीच्या जेवणाला सगळ्यांना समजावून सांगितलं. गाव सोडून लांब जायचं, तंबू ठोकायचा, उघड्यावर रांधायचं, जमिनीवर झोपायचं. सासूबाईंनी ताकाची वाटी शांतपणे संपवली आणि विचारलं, "घरात कोणाचं काही बिनसलंय का?"

भावजी कॅलिफोर्नियात राहून आलेले. तिकडे बिग सर नावाचा किनारा आहे. डोंगर सरळ पॅसिफिक महासागरात उतरतात आणि त्यांच्या कुशीतून एक नंबरचा हायवे जातो. तिथल्या सरकारी तळावर तंबूला जागा हवी असेल तर सहा महिने आधी आरक्षण करावं लागतं, हे भावजी अशा काही अभिमानाने सांगतात, की तो नियम त्यांनीच केला असावा. "सहा महिन्यांत आपल्याकडे लग्न ठरून, पार पडून, रुसवेफुगवेसुद्धा आटपतात," सासूबाई म्हणाल्या. पण नाताळच्या सुट्टीत गुहागरला जायचं ठरलं आणि त्यांचा विरोध एकदम मावळला. त्यांचं माहेर हेदवीचं, गुहागरहून तासाभराच्या वाटेवर. गाडी माहेरच्या दिशेने निघाली की तिच्या डिकीत तंबू आहे की वरात, याची चौकशी कुठलीही बाई करत नाही.

कमीत कमी सामान हे म्हणे या प्रकाराचं पहिलं तत्त्व. त्याप्रमाणे प्रत्येकाने एकेक सॅक भरली. मग सॅकमध्ये न मावणारं सामान आलं. सतरंज्या, परात, मेतकुटाची बरणी, ओवा, बाम, पोळपाट-लाटणं आणि खलबत्ता.

"आई, पोळपाट?"

"मग पोळ्या काय तुझ्या लॅपटॉपवर लाटू?"

खलबत्त्याबद्दल विचारायचं धाडस भावजींना झालं नाही. जाऊबाईंनी गुपचूप इस्त्री घेतली होती, हे माणगावला चहासाठी थांबलो तेव्हा उघडकीला आलं.

दापोलीमार्गे दाभोळला आलो आणि गाडीसकट फेरीबोटीत चढलो. वाशिष्ठीची खाडी अशी ओलांडली की पलीकडे धोपावे आणि तिथून गुहागर जवळच. नाहीतर चिपळूणवरून भला मोठा वळसा. बोटीवर भावजींना इतिहास सुचला. दाभोळ हे बहमनी काळातलं केवढं मोठं बंदर, अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात हिंदुस्थान हिंडून परत निघाला तो इथूनच, वगैरे.

"तो कुठे उतरायचा?" सासूबाईंनी विचारलं.

"धर्मशाळेत वगैरे असेल."

"बघ. शहाणा होता."

चारच्या सुमारास किनाऱ्यावर पोचलो. सुरूच्या बनाला लागून एका काकांची नारळी-पोफळीची वाडी होती, त्यांना विचारूनच आलो होतो. समुद्र पार आत गेलेला, समोर ओल्या वाळूचं एवढं मोठं अंगण. भावजींनी पाण्याच्या दिशेने चालायला सुरुवात केली ते थांबेचनात. अखेर एका जागी टाच रोवून म्हणाले, "इथे. सकाळी डोळे उघडले की समोर लाटा."

तंबूच्या खोक्यावर 'चार माणसांसाठी' असं छापलं होतं आणि चार माणसांचं चित्रही होतं. ती माणसं अंगाने किरकोळ होती आणि एकमेकांवर रागावलेली नसावीत. आतली सूचनापत्रिका चिनी भाषेत, पण आकृत्यांसकट. आमचे हे पत्रिका हातात धरून "हा दांडा त्यात नाही, त्यात" असं सांगत उभे राहिले. त्यांच्या मते ते मार्गदर्शन होतं. हातोडी आणायची राहिली होती. तेव्हा सासूबाईंनी काही न बोलता पिशवीतून बत्ता काढून पुढे केला.

बत्त्याने खुंट्या सुरेख ठोकल्या गेल्या आणि तितक्याच सुरेख वर आल्या. वाळू काही खुंटीला धरून ठेवत नाही. त्यात दुपारभर तापलेल्या जमिनीकडे समुद्रावरून वारा सुटलेला. खारे वारे आणि मतलई वारे आम्ही सगळ्यांनी शाळेत दोन मार्कांपुरते पाठ केले होते. त्यातल्या पहिल्याने आता तंबू उचलला आणि त्याला धरून दोन्ही मुलं सुरूच्या बनापर्यंत धावत गेली. वाडीवाले काका कुंपणाशी उभे राहून बघत होते. शेवटी त्यांना राहवेना.

"पिशव्यांत वाळू भरा, दोऱ्या बांधा नि गाडून टाका. पण मी काय म्हणतो, कशाला ओ वाळूत? आमची पडवी हाय की रिकामी."

पडवी म्हणताच जाऊबाईंच्या चेहऱ्यावर जो भाव उमटला, तो मी त्यांच्या लग्नातही पाहिला नव्हता. पण भावजी बधले नाहीत. पिशव्या गाडल्या, तंबू उभा राहिला, फोटो निघाले. गाडीच्या उघड्या दाराचा आडोसा करून मी स्टोव्हवर चहा टाकला. त्याला वाळूची चव होती, पण उत्साहाच्या भरात सगळ्यांनी तो 'फक्कड' ठरवला.

मग सासूबाईंनी विचारलं, "आज तिथी काय?"

"शनिवार," आमचे हे म्हणाले.

"उद्या दत्तजयंती, म्हणजे आज चतुर्दशी." त्यांनी बोटांची पेरं मोजली. "चौदा पाऊण साडेदहा. साडेदहाला भरती पूर्ण. आणि पुनवेच्या तोंडावरची, म्हणजे उधाणाची. तू आता बसलायस ना, तिथे माझ्या कमरेइतकं पाणी असेल."

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ज्यांनी लहानपणी पाऊणकी घोकली त्यांना कागदही लागत नाही. भावजींना मात्र हे अवैज्ञानिक वाटलं. भरती-ओहोटीचं ॲप होतं त्यांच्याकडे, जगातल्या कितीतरी बंदरांचं. ते उघडायला रेंज हवी होती. रेंज शोधत भावजी हात उंचावून किनाऱ्यावरून चालत गेले, बराच वेळ दिसेनासे झाले, आणि परत आले ते घोट्यापर्यंत भिजून.

"आई म्हणते तेच दाखवतंय," ते म्हणाले. "दहा अठ्ठावीस."

"दोन मिनिटं चुकलं की," सासूबाई म्हणाल्या. कोणाचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

गाडलेल्या पिशव्या अंधारात उकरून काढणं हा एक स्वतंत्र क्रीडाप्रकार आहे. तंबू उचलून वाडीत, पोफळींच्या मध्ये नेला. तोवर काकूंनी कुळथाचं पिठलं आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. सासूबाई चुलीपाशी बसल्या आणि पहिल्या भाकरीला "तुमचं माहेर कुठलं?" तर तिसऱ्या भाकरीला "म्हणजे तुम्ही आमच्या मावशीच्या जावेच्या…" इथपर्यंत मजल गेली. त्यानंतर आम्हाला पडवीत झोपू न देणं काकूंना शक्यच नव्हतं.

भावजी आणि मुलं निष्ठेने तंबूत गेली. उशिरा कधीतरी वारा फिरला. आता मतलई वाऱ्याची पाळी होती, आणि तंबूचं दार बरोब्बर जमिनीकडे. आधी धाकटा उशी घेऊन पडवीत आला. मग थोरली. मग "मुलांना एकटं वाटेल" म्हणत भावजी.

सकाळी तंबूची चेन उघडीच होती. वाडीतली कुत्री आपल्या तीन पिल्लांसकट आत आडवी पसरली होती. भावजींनी आत डोकं घालताच ती एवढंच गुरगुरली, की चपला बाहेर काढा.

हेदवीला देवदर्शन झालं. बामणघळीत पाण्याचा फवारा उंच उडताना पाहायचा असेल तर भरतीलाच जायला हवं. सासूबाईंनी सव्वाअकरा सांगितले आणि आम्ही मुकाट्याने अकराला जाऊन उभे राहिलो. मामेसासऱ्यांकडे जेवलो. जाऊबाईंनी तिथे साडीला इस्त्री केली.

परतीच्या फेरीबोटीवर भावजींना रेंज मिळाली. ज्या कंपनीचा तंबू, तिने अभिप्राय मागितला होता. त्यांनी पाचपैकी पाच तारे दिले आणि खाली लिहिलं, "चौघं ऐसपैस झोपतात. प्रत्यक्ष पाहिलं आहे."