मजल्यांची चढती भाजणी

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका मोकळ्या प्लॉटला हिरवे पत्रे ठोकले गेले. त्या दिवशी सकाळी चहाच्या गाड्यावर तिथली इमारत अकरा मजल्यांची होती. मिसळ खाऊन लोक बाहेर पडले तोवर ती चौदावर गेली. दुपारी सलूनमध्ये अठरा झाले आणि रात्री पानपट्टीवर बाविसाव्या मजल्याचा स्लॅब पडला. प्लॉटवर मात्र दोन बाभळी, एक झोपलेलं कुत्रं आणि कुणाची तरी चाकं गेलेली रिक्षा, एवढाच ऐवज होता.

पत्र्यावर बिल्डरचं नाव नव्हतं. बिल्डरनं ही चूक केली, कारण नाव लिहिलं असतं तर गल्लीनं दोन दिवस त्याच्या आजोबांपर्यंत चौकशी करून विषय मिटवला असता. आता प्रत्येकाकडे आपापला बिल्डर आहे. कुणी म्हणतं पुण्याची पार्टी, कुणी म्हणतं गुजरातची. सगळ्यात खात्रीलायक माहिती असणारा माणूस हळूच म्हणतो, "आपलाच एक हाय. नाव घेऊ नका म्हणालाय." मग तो एवढ्या जोरात डोळा मारतो की पलीकडच्या दुकानातल्या माणसालाही नाव कळावं.

चर्चेला खरा पाया मिळाला तो माती परीक्षणाचं यंत्र आलं त्या दिवशी. तीन पायांचा लोखंडी घोडा, धूर ओकणारं डिझेल इंजिन, आणि एक पोरगा सारखा भोकात पाणी सोडतोय. खालून मनगटाएवढ्या जाड, काळ्या दगडाच्या कांड्या निघत होत्या. मुकादम त्या खणाखणाच्या लाकडी पेटीत ओळीनं मांडायचा आणि कडेला खडूनं खोली लिहायचा. पत्र्याला डोळ्याच्या उंचीवर एक भोक होतं. ते कुणी पाडलं ते विचारू नये, तालमीची पोरं आमचीच आहेत. त्या भोकाला सकाळी साडेसातपासून रांग. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले आमच्या शेजारचे अण्णा एक डोळा मिटून पाच मिनिटं आत बघत राहिले आणि मागे वळून निकाल दिला, "काळा पाषाण लागलाय. पंचवीस मजल्यांना मरण न्हाई."

"आणि खाली पोकळ निघालं तर वो अण्णा?"

"ह्या गावात बिनखांबी गणपतीचं देऊळ उभं हाय. तू कशाला काळजी करतोस?"

अण्णांनी आयुष्यभर पाझर तलावांची बिलं तपासली आहेत. भूगर्भावर त्यांच्यापुढे बोलायची गल्लीत कुणाची छाती नाही.

कोल्हापूरला टॉवर का हवा, याचं उत्तर मात्र जमिनीखाली नाही, जमिनीवरच आहे. 1972 साली नगरपालिकेची महापालिका झाली. मग अनेक वर्षं, अनेक मंत्री आणि अनेक मोर्चे झाले, तरी शहराची हद्द 66.82 चौरस किलोमीटरच्या पुढे सरकेना. हद्दवाढ म्हटलं की शहरातली कृती समिती बाह्या सरसावते आणि आसपासची गावं बंद पुकारतात. गावांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही: शहरात येऊन आम्हाला मिळणार काय, तर घरफाळा! तोडगा म्हणून 2017 मध्ये 42 गावांचं प्राधिकरण निघालं. त्यामुळे दोन्ही बाजूंना तक्रारीला आणखी एक ऑफिस मिळालं. तेव्हा आडवं वाढायची सोय नाही. उभं वाढायला कोण अडवणार? आभाळाला ग्रामपंचायत नसते.

त्यात डिसेंबर 2020 मध्ये मुंबई सोडून जवळजवळ सगळ्या राज्याला एकच बांधकाम नियमावली आली, आणि एफएसआय हा शब्द आमच्याकडे भाजीवालीच्याही तोंडी बसला. पुढे 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. वकिलांनी त्यासाठी काही दशकं आंदोलन केलं होतं, त्यामुळे आनंद खराच होता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या प्रत्येक प्लॉटमालकाला आपला प्लॉट कोर्टापासून पाच मिनिटांवर असल्याचा साक्षात्कार झाला. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग इथले वकील आता कोल्हापुरात येणार, आले की दमणार, दमले की फ्लॅट घेणार, असा हा हिशोब आहे. पत्र्याआडचा टॉवर याच हिशोबानं पानपट्टीवर सत्तावीसला पोचला.

आभाळाला ग्रामपंचायत नसली तरी उजळाईवाडीला विमानतळ आहे, आणि उंच बांधायचं तर विमानतळवाल्यांचं ना-हरकत पत्र लागतं. हे कळल्यावर दोन दिवस मजले थोडे उतरले. पण कोल्हापुरात उंचीची खरी परवानगी दिल्लीहून येत नाही, ती अंबाबाईकडून यावी लागते. 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी आणि 9 ते 11 नोव्हेंबर या किरणोत्सवाच्या दिवसांत मावळतीची किरणं देवळाच्या महाद्वारातून आत शिरतात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर आणि तिसऱ्या दिवशी मुखावर. वाटेत एखादी टाकी, एखादा फ्लेक्स, कुणीतरी हौसेनं चढवलेला मजला आला की किरणं अडतात आणि गाव हळहळतं. त्या मार्गातले अडथळे मोजायला दरवर्षी माणसं गच्च्या चढतात. इमारतीची उंची सूर्यकिरणांवरून ठरावी असा नगररचनेचा नियम देवळाच्या बांधणीतच घालून ठेवणारं दुसरं शहर माझ्या तरी माहितीत नाही.

साहजिकच मारुती मंदिरापाशी प्रश्न निघाला, की टॉवर झाला तर किरणोत्सवाचं काय? एका शिक्षकानं नम्रपणे सांगितलं की राजारामपुरी देवळाच्या पूर्वेला आहे आणि किरणं पश्चिमेकडून येतात.

"असू दे की," समोरून उत्तर आलं, "सूर्य सकाळी कुठनं जातोय? आमच्या डोक्यावरनंच न्हवं?"

शिक्षक गप्प बसले. विज्ञानाचा पराभव मी बराच पाहिलाय, पण इतका सहज क्वचित.

दुसरी परवानगी खालची, पंचगंगेची. बाकीची गावं उंची मजल्यात मोजतात, आम्ही पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याच्या फुटात मोजतो. 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. जुलैत पहाटे उठून माणूस आधी बायकोला नाही, पाण्याला विचारतो, "किती झालं?" 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर फ्लॅट बघायला येणारा माणूस हॉल-किचन नंतर बघतो, आधी पूररेषा विचारतो. राजारामपुरी उंचावर आहे, इथं पाणी येत नाही. तरी आमच्या काकींनी त्या न झालेल्या टॉवरचा नववा मजला मनात बुक करून टाकलाय. "पूर आला की व्हीनस कॉर्नरची आमची नणंद तिथं राहायला येईल की," असं त्या म्हणतात. नणंदेला अजून कल्पना नाही. नळाला पाणी येतं का हा प्रश्न कुणी काढत नाही, कारण काळम्मावाडीहून थेट पाईपलाईनचं पाणी यायला गावानं 2023 च्या दिवाळीपर्यंत वाट पाहिलीय. ज्यांनी एवढी वाट पाहिली, ते सत्ताविसाव्या मजल्यावर पंपाचं पाणी चढायची वाट चार तास आरामात बघतील.

माझ्या मते अडचण एकच आहे, आणि ती दुधाची. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर उभी करून, धार काढून, फेसाळ ग्लास तोंडाला लावणाऱ्या माणसाला तुम्ही विसाव्या मजल्यावर पिशवीतलं दूध कसं पाजणार? म्हशीला लिफ्टनं वर न्यायचं तर सर्व्हिस लिफ्ट हवी. दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून, गळ्यात घुंगूरमाळा घालून ती निघते तेव्हा लोक रस्ता सोडतात. सोसायटीचा वॉचमन तिची वहीत नोंद करणार काय?

बायकांची हरकत वेगळीच. आमच्या गच्च्यांवर एप्रिलमध्ये सांडगी मिरच्या वाळत पडतात. दही-मीठ भरलेल्या, पांढुरक्या, साडीवर एकेक सुटी मांडलेल्या. आत्तापर्यंत त्या फक्त कावळ्यांना आणि शेजारच्या वहिनींना दिसत होत्या. आता वरनं पन्नास बाल्कन्या बघणार. कुणाच्या घरी किती झाल्या, कुणी यंदा विकतच्या आणल्या, सगळं उघड. एका वहिनींनी मात्र दूरचा विचार केला, "टॉवरची सावली सकाळी आपल्या गच्चीवर पडंल. मग मिरच्या वाळायच्या कधी?" नगरविकास खात्यानं इतका बारकाईनं विचार केला असता तर निम्मी शहरं वाचली असती. पुरुषांचा ओढा नजाऱ्याकडे आहे. वरून पन्हाळा दिसणार, जोतिबाचा डोंगर दिसणार, 2003 साली बंद पडलेल्या शाहू मिलची चिमणी दिसणार. चार्ल्स मँटनं नव्या राजवाड्याला घड्याळाचा मनोरा दिला, तो इतकी वर्षं खालून मान वर करून पाहिला. आता घड्याळाकडे वरनं बघायचं, या कल्पनेनं काहींचा ऊर भरून येतो. वेळ विचारली तर ते मोबाईल काढतात.

एवढ्यात मुकादम पेटी घेऊन निघून गेला आणि यंत्रही गेलं. पत्र्यामागे आता फक्त भोकं आहेत. पण गल्लीतलं गणेश मंडळ थांबलेलं नाही. परवा अध्यक्ष नवीन पावतीपुस्तकाचा नमुना घेऊन माझ्याकडे शुद्धलेखन तपासायला आले. त्यात नाव, गल्ली नंबर आणि रक्कम यांच्याशेजारी 'मजला' असा नवा रकाना होता. खाली वर्गणीचे दर छापलेले: पहिला ते सातवा 501, आठवा ते चौदावा 1,001, पंधराव्यापासून वर 2,101.

"आणि टॉवर सातच मजल्यांचा झाला तर?" मी विचारलं.

अध्यक्षांनी पेन खिशाला लावलं. "मग वो काय, सातव्याला पंधराव्याचा दर लावायचा. वरचे मजले त्यानंच खाल्ले की!"