घाटपांडे

आमच्या सोसायटीच्या नामफलकावर त्यांचे आडनाव निराळे आहे. परंतु पहाटेच्या दूधवाल्यापासून चौथ्या मजल्यावरील निवृत्त मुख्याध्यापकांपर्यंत सारेजण त्यांना घाटपांडे म्हणूनच ओळखतात, आणि या नामांतरास त्यांची स्वतःची मूक संमती असावी असा मला दाट संशय आहे. पांडेपण म्हणजे हिशेब लिहिण्याचे वतन. घाटाचे पांडेपण ज्याच्याकडे, तो घाटपांडे. ज्या घराण्यांत हे आडनाव पिढीजात चालत आले आहे त्यांनी रोष मानू नये. आमच्या डोंबिवलीच्या घाटपांड्यांनी हे वतन कोणत्याही सनदेवाचून, केवळ पोटऱ्यांच्या बळावर, वयाच्या बावन्नाव्या वर्षी संपादन केले आहे. येऊरची चढण, कसाऱ्याचा घाट, बोरघाट आणि माळशेज या चार महालांचा त्यांचा जमाखर्च मनगटावरील घड्याळात चोख लिहिलेला असतो: किलोमीटर किती, चढ किती मीटर, हृदयाचे ठोके मिनिटास किती आणि घाम अंदाजे किती. "घड्याळात नाही ते घडलेच नाही," हे त्यांचे ब्रीदवाक्य असून, पेशाने हिशेबनीस असलेल्या मनुष्याच्या तोंडी ते शोभूनही दिसते.

सायकलवरून घाट चढणाऱ्या या संप्रदायाचे लोक अलीकडे ठाण्यापासून कल्याणपर्यंत वाढत्या संख्येने आढळतात. ठाण्याचे सायकलस्वार रविवारी उपवनाला वळसा घालून येऊर चढतात. कल्याणचे शहाडचा पूल ओलांडून मुरबाडकडे कूच करतात. आणि डोंबिवलीचे वाटेल त्या दिशेस जातात, कारण फडके रोडवरून निघालेल्या मनुष्याला मोकळा रस्ता हवा असेल तर कोणतीही एक दिशा धरून पुष्कळ दूर जाणे त्याला भागच असते. एके काळी सायकल ही पोस्टमन, पाववाला आणि शाळामास्तर यांची सवारी होती. तिला नगरपालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा लागे, आणि डबलसीट जाताना हवालदाराने पकडले तर चाकातील हवा व स्वारातील ऐट एकदमच निघून जाई. मराठी फौजेत स्वतःचा घोडा बाळगणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, असा भेद होता. त्या हिशेबाने तासाच्या भाड्याने सायकल आणून गुडघे फोडून घेणारे आम्ही सारे बारगीर. घाटपांडे मात्र अस्सल शिलेदार. सायकलची किंमत त्यांनी पत्नीस निम्मीच सांगितली आहे, आणि त्या निम्म्या किमतीवरही त्या बाईंनी आठ दिवस अबोला धरला होता.

रविवारी पहाटे चार वाजता ते सायकल मागच्या चाकावर उभी करून लिफ्टमधून खाली उतरतात, तेव्हाचे त्यांचे दर्शन कमकुवत मनाच्या माणसाने घेऊ नये. अंगाला त्वचेप्रमाणे चिकटलेला, पाठीवर तीन खिसे असलेला पिवळाधमक सदरा. खाली गादी शिवलेली तोकडी विजार, जिच्याकडे पाहताना सभ्य मनुष्याची दृष्टी आपोआप आकाशाकडे वळते. डोक्यावर टोपभर छिद्रे असलेले शिरस्त्राण. आणि पॅडलमध्ये अडकवण्याची खीळ तळाला असलेले बूट, ज्यांच्या टापांचा आवाज फरशीवर असा काही उमटतो की, नवा रखवालदार पहिल्या दिवशी काठी घेऊन धावत आला होता. गेटातून लग्नाचा घोडा शिरला, अशी त्याची समजूत झाली होती.

या वयात हे वेड का, असे मी त्यांना एकदा विचारले. ज्या मनुष्याने तीस वर्षे सकाळच्या जलद गाडीत डोंबिवलीस लोंबकळून, ठाण्यास चेपला जाऊन आणि अखेर बोरीबंदरास फलाटावर ओतला जाऊन आपली नोकरी इमानाने केली, त्या मनुष्याकडे याचे उत्तर आकड्यांतच असणार. "डोंबिवलीहून तिथवर सुमारे ४८ किलोमीटर, जाऊन येऊन ९६. वर्षाचे २८० दिवस धरा, आणि तीस वर्षे. आठ लाख सहा हजार चारशे!" ते म्हणाले. "चंद्र इथून पावणेचार लाखांच्या थोडा पुढे. म्हणजे मी चंद्रावर जाऊन परत आलो, आणि वर सदतीस हजार शिल्लक. पण यातला एक किलोमीटर तरी माझ्या पायांच्या नावे जमा आहे का? पाय तर कित्येकदा जमिनीलाही टेकलेले नव्हते." १८५३ साली बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्यास आली तेव्हा लोक पाय न हलवता प्रवास होतो म्हणून थक्क झाले असतील, त्याच लोहमार्गावर राहणारा त्यांचा वंशज आता पाय हलवायला मिळतात म्हणून थक्क होतो आहे.

घाटपांड्यांचे पुराणज्ञान अगाध आहे. फ्रान्सातील पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही स्वारी १८९१ साली सुरू झाली, आज ती चार वर्षांतून एकदा भरते आणि बाराशे किलोमीटर नव्वद तासांत पुरे करावे लागतात, ही कथा त्यांनी आम्हांस पाण्याच्या टाकीच्या सफाईसाठी बोलावलेल्या सभेत सांगितली. त्याच फ्रेंच परंपरेतील दोनशे किलोमीटरची 'ब्रेव्हे' साडेतेरा तासांत संपवायची असते आणि वाटेतील नाक्यानाक्यावर हजेरीची नोंद पटवावी लागते; घाटपांड्यांनी ती मुदतीच्या आठ मिनिटे आधी संपवली असून तिचा दाखला त्यांच्या देवघराशेजारी टांगलेला आहे. १९१० साली फ्रान्सच्या शर्यतीत प्रथमच पिरेनीजचे मोठे घाट घातले, तेव्हा लापीझ नावाच्या स्वाराने संयोजकांस तोंडावर खुनी म्हटले. तरी शर्यत त्यानेच जिंकली. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली आणि नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ साली अमेरिका आडवी पार केली. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट प्रथम चढणारास 'घाटांचा राजा' हा किताब मिळतो. हे सर्व ऐकून मुख्याध्यापकांनी, टाकी केव्हा धुणार, असा प्रश्न केला, तेव्हा घाटपांड्यांनी त्यांच्याकडे लापीझच्या नजरेने पाहिले.

गतवर्षी मे महिन्यातील एका रविवारी त्यांनी माळशेजची मोहीम काढली आणि पखालवाला म्हणून माझी नेमणूक झाली. माझ्या जुन्या स्कूटरवर पाण्याच्या बारा बाटल्या, दोन डझन केळी, इलेक्ट्रॉलची पाकिटे आणि हवा मारण्याचा पंप असा सरंजाम लादून मी मागून जायचे, असा हुकूम होता. आदल्या रात्री वीज गेली. पंख्यावाचून आम्ही जागे राहिलो आणि विजेवाचून घड्याळ उपाशी राहिले. या दुसऱ्या गोष्टीचे गांभीर्य त्या वेळी कोणाच्याच ध्यानात आले नाही.

पत्रीपूल, शहाड, म्हारळ, कांबा करीत रायत्याच्या पुलावर आलो तेव्हा उल्हास नदीवर उजाडत होते, आणि घाटपांडे अशा डौलात चालले होते की, स्कूटरवर बसल्याची मला लाज वाटली. एरवी ते वाटेत केवळ एक चिकट गोड मलम पुडीतून पिळून खातात. मुरबाडला मात्र मिसळीचा वास आला आणि शास्त्र मागे पडले. दोन प्लेटी झाल्यावर "हे खर्चात धरू नका," एवढेच ते म्हणाले. सरळगावाजवळ मागचे चाक बसले. मोठ्या थाटाने त्यांनी ट्यूब बदलली. या थाटात पाऊण तास आणि जवळची एकुलती एक जादा ट्यूब खर्ची पडली.

टोकावड्याच्या पुढे ऊन अंगावर धावून येऊ लागले. खाडीवरून येणारा वारा कल्याणच्या माणसाला दुपारी थोडाफार दिलासा देतो. त्या वाऱ्याचा अंमल इकडे पोहोचत नाही. समोर सह्याद्रीची उभी भिंत, खाली काळे डांबर, बाजूस काळा कातळ, आणि शेतांत भाताची नुसती खोडे. अशा उन्हात कष्ट करणाऱ्या मनुष्याच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी सहज जाते व त्यासंगे मीठही जाते. घाटपांड्यांच्या पिवळ्या सदऱ्यावर त्या मिठाचे पांढरे नकाशे उमटले होते. वैशाखऱ्यापाशी मी त्यांना उजव्या हाताचा नाणेघाट दाखवला. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणच्या बंदरात उतरलेला माल सातवाहनांच्या राज्यात याच वाटेने जुन्नरकडे चढे. वरच्या लेण्यात राणी नागनिकेचा शिलालेख आहे आणि घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, ज्यात जकातीची नाणी टाकीत असे सांगतात. "तुमच्या आधीचा घाटपांडे त्या रांजणाशी बसत असावा," मी म्हणालो. त्यांनी बाटली डोक्यावर रिती केली आणि विचारले, "तिथे चढ किती टक्के आहे?"

मोरोशीला घड्याळाने ४३ अंश हा आकडा दाखवला, एकदा करुण स्वरात वाजले आणि डोळे मिटले. घाटपांडे थांबले. त्यांनी ते हलवले, पुसले, कानाशी धरले. भर रस्त्यात वही हरवलेल्या कारकुनासारखा त्यांचा चेहरा झाला. समोर घाट उभा होता, ज्याचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच आहे, आणि त्यातला एक मीटरही आता कोणत्याही दप्तरी दाखल होणार नव्हता. "परत फिरायचे का?" मी आशेने विचारले. ते काही वेळ घाटाकडे पाहत राहिले, आणि मग काहीही न बोलता त्यांनी बुटाची खीळ पॅडलात टक्‌कन अडकवली.

पुढच्या दीड तासाचे वर्णन मला करता येईलसे वाटत नाही. स्कूटर पहिल्या गिअरात घुरघुरत होती, ती मंद चालावी म्हणून. त्यांची सायकल त्यांच्या शेवटच्या गिअरात होती, ती थांबू नये म्हणून. प्रत्येक वळणावर ते "हे शेवटचे" असे म्हणत आणि प्रत्येक वळण त्यांच्या तोंडावर दुसरे वळण फेकी. एका वळणावर पळसाच्या पानांचे द्रोण मांडून करवंदे विकणारी एक म्हातारी बसली होती. तिने त्या पिवळ्या मूर्तीस आपादमस्तक न्याहाळले आणि अत्यंत कळवळ्याने विचारले, "एस्टी चुकली काय बाबा?" घाटपांडे उतरले. त्यांनी दोन द्रोण करवंदे खाल्ली, तिच्या मडक्यातले तीन तांबे पाणी प्यायले, आणि प्रतिज्ञेवर बोलल्याप्रमाणे सांगितले की, एस्टी चुकलेली नाही. तिला ते पटले नाही. आम्ही निघालो तरी ती मागून ओरडून पुढच्या गाडीची वेळ सांगत होती.

माथ्यावर पोहोचल्यावर ते कठड्यावर कोपरे टेकून उभे राहिले. एरवी असे पोहोचल्याबरोबर ते घड्याळ पाहतात, मग घड्याळाचा फोटो काढतात, मग त्या फोटोखाली लिहितात. आज पाहण्यासारखे मनगटावर काही नव्हते. म्हणून ते खाली पाहू लागले. उन्हाच्या धुरकट पडद्याआड आम्ही सकाळपासून आलो तो रस्ता दोऱ्यासारखा पडला होता. बऱ्याच वेळाने त्यांनी उत्तरेच्या एका थोरल्या कड्याकडे बोट करून विचारले, "हा डोंगर कोणता हो?" "हरिश्चंद्रगडाची बाजू," मी म्हणालो. "नवा आहे?" असे त्यांनी विचारले नाही, एवढेच, पण त्या आधी सहा वेळा येथे आलेल्या मनुष्याने ते विचारले असते तरी मला आश्चर्य वाटले नसते.

उतरायला वळलो आणि मागचे चाक पुन्हा बसले. जादा ट्यूब सरळगावला खर्ची पडली होती. अखेर ओतूरहून कल्याणच्या बाजारात कोथिंबीर घेऊन जाणाऱ्या एका टेंपोत सायकल व स्वार यांची रवानगी झाली. चालकाने सायकल दोन बोटांवर उचलून पाहिली, किंमत विचारली, आणि तो म्हणाला, "काका, एवढ्या पैशात हिला मोटर नाय बसवली?" संध्याकाळी डोंबिवलीत दार उघडताच त्यांच्या पत्नीने हवेचा वास घेतला आणि कित्येक रविवारांत प्रथमच प्रसन्न चेहऱ्याने म्हटले, "अहो, कोथिंबीर आणलीत? बरं झालं."

रात्री त्यांच्या सायकल मंडळींच्या फोनवरील गटात त्यांनी मोहिमेची हकीकत लिहिली. तीन जणांनी अंगठा दाखवला आणि चौथ्याने विचारले, "आकडा कुठे आहे?" ज्या ब्रीदवाक्याचे ते स्वतः जनक, तेच त्यांच्या अंगावर उलटले. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले, खुर्चीवर जपून बसले, आणि तुम्ही लिहिता-बिहिता तेव्हा एक रीतसर दाखला द्याच, असा त्यांनी तगादा लावला.

सबब लिहून देतो की, सदरहू इसम मोरोशीपासून माळशेजच्या माथ्यापर्यंतचा घाट भर दुपारी, मे महिन्यात, स्वतःच्या सायकलने व स्वतःच्या पायांनी माझ्यासमक्ष चढला. वाटेत तो दोन वेळा उतरला. पहिल्या वेळी करवंदे खाण्यासाठी, हे मी डोळ्यांनी पाहिले. दुसऱ्या वेळी देखावा पाहण्यासाठी, हे त्याचे म्हणणे आहे. हृदयाचे ठोके मिनिटास किती पडत होते त्याची नोंद उपलब्ध नाही. मात्र स्कूटर चालू असतानाही ते मला ऐकू येत होते.